एकेचाळिसावा खांब

व्हर्न ओपीने चव्वेचाळीस वर्षं कुंपणं घातली. हार्लीज क्रीक गावाच्या आसपास त्याने पुरलेला खांब नाही असा रस्ता सापडणं कठीण होतं. खड्डा अडीच फूट खोल, माती तीन थरांत, एका थराला पहारीचे चाळीस ठोके, अशी त्याची रीत. पस्तिसाव्या ठोक्याला थांबणाऱ्या गड्याला दुसऱ्या दिवशी तो बोलवत नसे.

फुलांशी त्याचा काही संबंध नव्हता. तो जुळला १९८८ च्या सप्टेंबरात. टिनपॉट घळीच्या राखीव रानाच्या कडेला तो तुटलेली तार ओढत होता, तेवढ्यात मागून बाईचा आवाज आला.

“पाय उचल!”

साप असेल म्हणून व्हर्नने पाय उचलला.

“हं. आता ठेव. तिथे नाही! मागे. अजून मागे.”

एका पायावर उभा राहून त्याने वळून पाहिलं. गावातली टपाल कचेरी चालवणारी उना ट्रेलोर गवतात गुडघे टेकून बसली होती. डोक्यावर नवऱ्याची जुनी टोपी, गळ्यात भिंग.

“साप कुठाय?”

“साप नाही. ऑर्किड आहे. तुझ्या बुटापेक्षा जुनं, आणि बुटापेक्षा कामाचं.”

बोटभर उंचीचं ते हिरवं फूल होतं, मान खाली घातलेलं. व्हर्नला आधी ते दिसलंच नाही. दिसल्यावर मात्र त्याच्या आजूबाजूला आणखी सतरा दिसली. आपण सकाळपासून कशावरून चालत होतो, हे त्याला तेव्हा कळलं.

टपाल कचेरी गुरुवारी दुपारी बंद असायची. उना दर गुरुवारी रानात जायची. त्या वर्षीपासून व्हर्नही जायला लागला. ती वही घेऊन पुढे, हा चहाचा थर्मास घेऊन तिच्या बाजूने. ती बुटकी, हा सहा फूट. त्याची चार पावलं व्हायची तेवढ्यात तिची पाच. पहिल्या काही आठवड्यांत तो सारखा पुढे निघून जायचा आणि बोलणी खायचा. मग त्याची चाल आपोआप तिच्याबरोबर बसली.

एप्रिलचा पाऊस पडला की अळंबी. जूनच्या थंडीत झाडांच्या बुंध्याशी लाल, जांभळी, मेणासारखी छत्रं, अंगठ्याच्या नखाएवढी. जुलै संपताना वॉटलची झाडं फुलांनी पिवळी व्हायची. सप्टेंबर, ऑक्टोबर ऑर्किडचे. नाताळच्या सुमारास, ऐन उन्हाळ्यात, सोनेरी भुंगे. पूर्वी ते व्हर्नच्या पडवीत खोऱ्याने गोळा करावे लागत, बायको ग्वेन झाडू घेऊन उभी असे. आता एक दिसला तरी त्याला घरात जाऊन कोणाला तरी सांगावंसं वाटतं, आणि घरात कोणी नसतं.

उना सगळं लिहायची. दिवस, हवा, जागा, संख्या. काही दिसलं नाही तर शून्यही लिहायची. “बघितलं आणि नव्हतं, ही पण नोंदच आहे,” म्हणायची. “न बघता बसलेल्यांनी ‘नाही’ म्हणू नये.”

व्हर्नला ती बाई पटली ती या वाक्यामुळे.

तिच्या वहीत एका फुलाला जास्त मान होता. बांधाच्या कोपऱ्याकडच्या खडकाळ पट्ट्यात उगवणारं कोळी ऑर्किड. पाच लांब बारीक पाकळ्या कोळ्याच्या पायांसारख्या पसरलेल्या, मधे काळपट लाल ओठ. आसपासच्या कुठल्याही रानात तसं नव्हतं. वहीत जागा लिहिलेली: ‘बांधाच्या कोपऱ्यापासून एकेचाळिसावा खांब, आत दहा पावलं.’ उनाला स्वतःला खांब मोजावे लागत नसत. तिथे एक झुकलेलं आयर्नबार्कचं झाड होतं, ते बघून ती सरळ आत वळायची. व्हर्नला तिने त्या जागी कधी नेलं नाही. “तू कुंपणापाशी थांब. तुझे बूट मोठे आहेत,” म्हणायची. तो कुंपणाच्या कोपऱ्याशी चहा ओतून थांबायचा; ती नेमकी कुठे वळते ते तिथून दिसायचं नाही.

मग दुष्काळाची वर्षं आली. २००४ मध्ये तिने एक फूल पाहिलं. त्यानंतर दर सप्टेंबरात शून्य. २००६ मध्ये त्या बाजूचं कुंपण बदलायचं काम व्हर्नकडे आलं. जुने लाकडी खांब कुजले होते. ते काढून त्याने लोखंडी खांब लावले. जुन्यांतलं अंतर कधी आठ फूट, कधी चौदा, मूळच्या माणसाला खडकाने जिथे जागा दिली तिथे. व्हर्नने सगळे सारख्या अंतरावर लावले. काम झाल्यावर उनाला बोलावून अभिमानाने दाखवलं.

तिने कुंपणाकडे पाहिलं, मग वहीकडे.

“सुंदर,” ती म्हणाली. “माझी सत्तावीस वर्षांची मोजणी उपटून काढलीस.”

व्हर्नच्या डोक्यात हे आलंच नव्हतं. त्या गुरुवारी ती चहा न पिता गेली. पुढच्या गुरुवारी आली, बोलली, पण मोजणीचा विषय परत कोणी काढला नाही. झुकलेलं झाड होतं, तोवर अडलंही नाही.

उना आता शहाऐंशी वर्षांची होती. गावातल्या वृद्धाश्रमात राहायची. डोळ्यांच्या मधोमध काळा डाग आला होता; कडेकडेचं दिसायचं, समोरचं नाही. वह्या तिने व्हर्नकडे दिल्या होत्या. ते आयर्नबार्क दोन वर्षांपूर्वीच्या वादळात पडलं आणि आठवड्याभरात कोणीतरी सरपणाला कापून नेलं. बुंध्याची जागासुद्धा ओळखू येत नव्हती.

आणि या एप्रिलमध्ये डेब स्कली व्हर्नच्या दारात आली. गावच्या अग्निशमन तुकडीची ती प्रमुख, पन्नाशीची, तोंडाची फटकळ. तुकडीतले सगळे गावातलेच, बिनपगारी.

“व्हर्न, वाईट बातमी मीच सांगितलेली बरी. कुंपणाच्या आतला गाडीरस्ता रुंद करतायत. चार मीटरचा दहा. ऑक्टोबरच्या पहिल्या सोमवारी जमीन खरवडणारं यंत्र, ग्रेडर, येणार.”

“बांधाच्या बाजूला?”

“सगळीकडे. मागच्या आगीत आमची गाडी तिथे वळेना. माझी चार माणसं आत होती. तुम्हाला माहीत आहे.”

व्हर्नला माहीत होतं.

“तिथे उनाचं ऑर्किड आहे.”

“होतं. वनखात्याच्या यादीत शेवटची नोंद २००४ ची. ते म्हणतात, एकोणीस वर्षं कोणी पाहिलं नाही म्हणजे गेलं. तुम्ही मला उमललेलं फूल दाखवा, मी रस्ता त्याच्या बाहेरून वळवते. तेवढं माझ्या हातात आहे. पान नको हं, पान मला दाखवून उपयोग नाही. मला सगळी पानं सारखीच.”

“आणि नाही दाखवलं तर?”

“तर ग्रेडर जाईल.”

व्हर्न त्याच दुपारी वही घेऊन बांधाच्या कोपऱ्यावर गेला. कोपऱ्याचा जाड लाकडी खांब तेवढा जुना होता. तो मजबूत होता म्हणून त्याने ठेवला होता. तिथून पुढे त्याच्या स्वतःच्या हातचे लोखंडी खांब, सरळ, एका रेषेत, बिनचूक. त्यांच्याकडे पाहून त्याला पहिल्यांदा राग आला.

मे संपेपर्यंत तो नुसता अंदाजाने शोधत होता. चारशे मीटर लांब पट्टा, पान जिभेएवढं, जमिनीला चिकटलेलं. शहात्तराव्या वर्षी गुडघ्यांवर तो पट्टा पुरा व्हायचा नाही, हे त्याला चौथ्या दिवशी कळलं.

जूनमध्ये चांगला पाऊस झाला. दर वर्षीची अळंबी मोजायला तो कुंपणाकडेने निघाला. कोपऱ्यापासून थोड्या अंतरावर तांबूस तपकिरी छत्रांचा एक झुबका होता. मोकळ्या जमिनीवर, जवळ झाड नाही की ओंडका नाही. त्याने मोजलं, लिहिलं, पुढे गेला. चार पावलांवर दुसरा झुबका. मग सहा पावलांवर. मग मधे काही नाही, आणि पुढे पुन्हा दोन.

तो मागे फिरून कोपऱ्याशी उभा राहिला आणि एक डोळा मिटून बघितलं. सगळे झुबके एका ओळीत होते, लोखंडी कुंपणाच्या वीतभर आत.

काय आहे ते त्याला लगेच कळलं, आणि कान तापले.

२००६ मध्ये त्याने सांगितलं होतं की सगळे जुने खांब मुळापासून उपटले. ते खरं नव्हतं. शेवटचे सत्तर, या खडकाळ पट्ट्यातले, त्याने जमिनीसरसे करवतीने कापले आणि वर माती ओढली. त्या आठवड्यात ग्वेनला हॉस्पिटलात ठेवलं होतं. पण हे कारण त्याने कधी स्वतःलाही दिलं नव्हतं. काम अर्धवट केलं होतं, एवढंच. आता जमिनीत राहिलेली त्यांची खुंटं कुजत होती आणि त्यांच्यावर अळंबी उगवली होती. त्याची लबाडी ओळीने वर आली होती.

त्याने कोपऱ्यापासून दोरी बांधली. जिथे अळंबी नव्हती तिथे लोखंडी सळई टोचत गेला. खडकावर टणकन वाजायची. मातीत सरळ जायची. कुजक्या लाकडात मऊ अडकायची, आणि काढताना टोकाला तपकिरी भुसा यायचा. प्रत्येक खुंटाशी त्याने खुंटी ठोकली. तीन दिवस लागले. मग तो एकेचाळिसाव्या खुंटीशी उभा राहिला.

आत दहा पावलं. तिथे त्याने दोऱ्यांचे चौकोन आखले आणि एकेका चौकोनात गुडघे टेकून पालापाचोळा बोटांनी बाजूला केला, पाहिला, परत ठेवला. नऊ दिवस. हिरव्या टोपीवाल्या ऑर्किडची पानं मिळाली. डासासारख्या फुलाच्या ऑर्किडचीही मिळाली. कोळी ऑर्किडचं केसाळ पान एकही नाही.

वहीत नऊ वेळा शून्य लिहून तो वृद्धाश्रमात गेला. उना खिडकीपाशी बसली होती. ती त्याच्याकडे तिरकं बघायची, कडेच्या नजरेने पकडायची.

“तुझ्या गुडघ्यांना चिखलाचा वास येतोय, ओपी. काय शोधतोयस?”

त्याने सगळं सांगितलं. ग्रेडर, सोमवार, खुंटं. खुंटांचं सांगताना तो खिडकीकडे बघत होता.

“कापली होतीस?” उना म्हणाली. “तू? चाळीस ठोकेवाला?”

“सत्तर.”

“आणि मला कुंपण दाखवायला बोलावलंस, छाती काढून!”

“हो.”

उना हसायला लागली. हसता हसता खोकला आला. परिचारिका दारातून डोकावली, तिला तिने हाताने घालवलं.

“बरं झालं, बाबा. आता मलाही सांगता येईल. एकेचाळीस खोटं आहे.”

“काय?”

“नऊ कमी कर. बत्तीस. आठवतात का ते दोघं, त्या वर्षी खुरपी घेऊन आलेले? अकरा रोपं खणून नेली. वही काउंटरवर उघडी असायची, मूर्खासारखी. त्या दिवसापासून मी नऊ वाढवून लिहायला लागले. जुन्या वह्यांतले आकडेही खोडून नवे केले. खात्यालाही तोच आकडा दिला.”

“आणि मला नाही सांगितलंस? पस्तीस वर्षं चहा वाहिला तुझा!”

“तुला सांगितलं असतं तर तू खरं लिहिलं असतंस. तू तसला माणूस. निदान मला तसं वाटत होतं.”

नऊ दिवसांचे गुडघे ठणकत होते.

“पावलंही वाढवलीस का?”

“नाही. दहाच. पण माझी. तुझ्या ढांगा नव्हेत. थांब, दाखवते.” ती खुर्चीचे हात धरून उठायला लागली.

“बस. मला माहीत आहे.”

“काय माहीत आहे?”

“तुझी दहा म्हणजे माझी आठ.”

उना पुन्हा बसली. “खरंच की,” ती मग म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बत्तिसाव्या खुंटीपासून तो आठ पावलं आत गेला आणि तिथेच गुडघे टेकले. अकरा वाजता पहिलं पान मिळालं. केसाळ, जांभळ्या बुडाचं, जमिनीवर आडवं. दुपारपर्यंत चार झाली. त्याने चारींवर कोंबडीच्या जाळीचे पिंजरे केले, कडा जमिनीत बोटभर पुरून. पुढच्या आठवड्यात गेला तर काळ्या चफ पक्ष्यांच्या टोळीने एक पिंजरा उलटवून खालचा कंद उकरून खाल्ला होता. व्हर्नने उरलेल्यांच्या कडा वीतभर खोल पुरल्या. दुसरं रोप गोगलगायीने नेलं. ऑगस्टमध्ये तिसरं पान पिवळं पडलं. का, ते कळलं नाही. राहिलं एक. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात त्याच्यातून दोऱ्याएवढा देठ वर आला, टोकाला मिटलेली कळी.

मग हवा बिघडली. ढग, बोचरा वारा, सकाळी गवतावर दव गोठलेलं. कळी आहे तशीच. व्हर्न रोज जायचा. कळीला काही करता येत नव्हतं, आणि काही करता येत नाही अशा कामाची त्याला सवय नव्हती. शुक्रवारी त्याने डेबला फोन केला.

“आठवडाभर थांबव.”

“ग्रेडर माझा नाही, व्हर्न. सोमवारी येऊ दिला तर येईल, नाहीतर जानेवारीपर्यंत मिळायचा नाही. आणि जानेवारीत आगी कशा लागतात ते तुम्ही मला सांगू नका.”

“नाही सांगत.”

“रविवारी येते. मुद्दाम येते. पण कळी दाखवलीत तर मी कळी पाहिली असंच सांगेन.”

“तसंच सांग.”

रविवारी सकाळी आभाळ उघडलं. व्हर्न नऊला पोचला. दहाला डेब आली, कुत्र्याला गाडीत ठेवून. कळीचा वरचा एक धागा सुटला होता, बस्स.

“हे फूल?” डेब म्हणाली.

“अजून नाही.”

“मग?”

“बसायचं. चहा घेतेस?”

ती कुरकुरत बसली. ऊन चढलं. अकराच्या सुमारास दुसरा धागा सुटला, मग तिसरा. बघताना हलताना दिसत नव्हता, नजर काढून परत बघितलं की जागा बदललेली. साडेअकराला पाचही पाय पसरले आणि मधला काळपट लाल ओठ उघडा पडला. व्हर्नने ते फूल पहिल्यांदाच पाहिलं. इतकी वर्षं तो कुंपणापाशी थांबला होता.

कुठूनतरी एक बारीक काळी गांधीलमाशी आली. फुलाभोवती आडवीतिडवी भिरभिरली, ओठावर बसली आणि त्याला मिठी मारून झटापट करू लागली.

“हे काय चाललंय?” डेब कुजबुजली.

“नर आहे. त्याला वाटतंय ती मादी आहे.”

“अगदीच आमच्या पहिल्या नवऱ्यासारखा,” डेब म्हणाली, आणि फोन काढून फुलाचे फोटो घेतले, बारा तरी. मग गाडीतून गुलाबी फीत आणून आठ मीटरवर चार खुंट्या ठोकल्या. ठोकताना व्हर्नकडे बघत होती. त्याने मनात ठोके मोजले; कमी होते, पण तो काही बोलला नाही.

सोमवारी ग्रेडर आला आणि त्या खुंट्यांच्या बाहेरून वळून गेला. व्हर्न पूर्ण वेळ तिथे उभा होता. धूळ बसल्यावर त्याने फीत काढून खिशात घातली, खुंट्या उपटल्या, आणि जिथे जिथे गुडघे टेकले होते तिथे पाचोळा सारखा केला.

मंगळवारी तो उनाकडे गेला.

“किती?” तिने विचारलं.

“एक.”

“एकच?”

“एक.”

तिने मान हलवली. “तोंड कुठे होतं?”

“उत्तरेला.”

“उन्हाकडे. बरोबर.” ती खुर्चीत मागे टेकली. “एकोणऐंशी साली त्रेसष्ट होती. पाय ठेवायला जागा नव्हती. सगळी उत्तरेला तोंड करून उभी. पेन्शनच्या दिवशी लोक काउंटरकडे बघत उभे असायचे ना, अगदी तशी. मी टोपी काढली, शपथ. कोणी नव्हतं बघायला, तरी काढली. तेव्हा तुला ओळखत नव्हते.”

“ओळखत असतीस तरी कुंपणापाशी उभं केलं असतंस.”

“केलं असतं.” ती हसली. मग हात पुढे करून तिने त्याची बाही चाचपडत धरली. “माशी किती वेळ बसली होती?”

“मिनिटभर. उडाली, परत आली, परत बसली.”

“पाठीवर काही चिकटलं होतं? पिवळं?”

व्हर्नने आठवून पाहिलं. “लक्ष नव्हतं.”

“लक्ष नव्हतं! एवढं करून!” तिने बाही सोडली नाही. “एकटंच असेल तर माशी दुसऱ्या फुलाचे पराग आणणार कुठून? ओपी, तुला मिळालेलं एकच आहे. असलेली किती, ते कोणाला माहीत? शेंग धरली तर समज जवळपास दुसरं आहे. तीन आठवड्यांनी फुलाच्या मागचा देठ बघ. फुगला तर फुगला.”

“आणि नाही फुगला तर?”

“तर शून्य लिही आणि येऊन सांग. खोटं सांगू नकोस मला बरं वाटावं म्हणून.”

तीन आठवड्यांनंतरच्या गुरुवारी व्हर्न बांधाच्या कोपऱ्यावर गाडी लावून चालत गेला. फूल सुकून काळं झालं होतं, पाकळ्या दोऱ्यांसारख्या लोंबत होत्या. तो गुडघ्यांवर बसला, उनाचं भिंग काढलं, चष्मा पुसला. वाऱ्याने देठ हलत होता म्हणून त्याने टोपी आडवी धरली.

पाकळ्यांच्या मागे देठ जाड झाला होता. तांदळाच्या दाण्याएवढा, हिरवा, सहा बारीक शिरा उठलेल्या. चूक नको म्हणून त्याने दुसऱ्या बाजूनेही बघितलं, मग आजूबाजूच्या गवताकडे. कुठेतरी, माशीला उडून येता येईल एवढ्या अंतरावर, त्याला न सापडलेलं एक तरी होतं. गुडघा धरून तो उठला. घड्याळात अकरा वाजून वीस मिनिटं झाली होती. वृद्धाश्रमात बाराला जेवायला बसवतात आणि एकदा बसवलं की कोणाला भेटू देत नाहीत. गाडीपर्यंतचं अंतर त्याने जवळजवळ धावतच कापलं.